प्रति: ब्रसेल्सला पैसा कशाला?
युरोपातल्या देशांनी ब्रसेल्सला, म्हणजे युरोपीय संघाच्या मुख्यालयाला, पैसा कशाला द्यावा, ज्याने त्याने तो आपल्याच देशात खर्चावा, हे म्हणणं ऐकायला बरं वाटतं. पण युरोपीय संघाचं बजेट सदस्य देशांच्या उत्पन्नाच्या जेमतेम १ टक्का, त्यातला जवळपास तिसरा हिस्सा शेतीला.

आमच्या वाळव्यात उपसा संस्थेची (शेतकऱ्यांनी वर्गणी काढून नदीचं पाणी रानात उचलायची सामायिक सोय) मोटार जळली की भांडण ठरलेलं. 'माझं रान दोन एकर, एवढी वर्गणी का भरू?' ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंनी १९८४ ला याच धर्तीवर युरोपच्या वर्गणीत ब्रिटनसाठी सूट मिळवली. (तक्रार खोटी नव्हती, ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेत शेतीचा वाटा लहान, म्हणून शेतीच्या पैशातून परत मिळायचं कमी.) हिशेब मागा की, जरूर मागा. पण स्वतंत्र मोटार टाकून वेगळे झालेले आमचे चुलते अजून तिचे हप्ते फेडतायत.