प्रति: अटल सेतूवरचा फायटिंग सीन

सुपरहिरोंच्या रोल-प्लेइंग गेमसाठी (प्लेयर पात्रं होऊन गोष्ट खेळतात तो डाइसचा खेळ) पणजीच्या अटल सेतूवर, म्हणजे मांडवी नदीवरच्या तिसऱ्या पुलावर, हिरो-व्हिलनची मारामारी हा वर सुचवलेला सीन भारी आहे, पण पूल गेल्यावर लोकांचं काय होतं ते कोणीच लिहीत नाहीये आणि मला खरी गोष्ट तिथेच दिसते. पणजीत हे घडलेलं आहे, ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला आणि भर पावसाळ्यात सगळा भार पणजी-बेती फेरीबोटींवर आला, घरातली मोठी माणसं अजून त्या रांगांबद्दल बोलतात.

तर सीन पणजीसमोरच्या काठावर, बेतीच्या फेरीधक्क्यावर ठेवा, मांडवीवरचे तिन्ही पूल बंद, उडता येणारी हिरोईन साध्या कपड्यांत रांगेत, पुढे गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) न्यायचा पेशंट, उडाली तर शेजारपाजारच्यांसमोर ओळख फुटणार. इथे प्लेयरला खरंच विचार करावा लागतो, नुसते डाइस टाकून भागत नाही.