विभागीय मंडळांबद्दल थोडं

महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षा घेणाऱ्या राज्य मंडळाबद्दल 'सगळं पुण्यातूनच चालतं, विभागीय मंडळं म्हणजे नुसती टपालपेटी' असं मत कुणीतरी मांडलं, ते पटलं नाही. 1965 च्या अधिनियमाने राज्य मंडळ आणि विभागीय मंडळं दोन्ही उभी केली. धोरण पुण्यात ठरतं हे खरं. पण परीक्षा केंद्रं, उत्तरपत्रिका, गुणपडताळणी हा सगळा रोजचा गाडा नऊ विभागीय मंडळंच ओढतात.

माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेत आईचं नाव चुकलं होतं. मुख्याध्यापकांनी शाळेच्या जनरल रजिस्टरचा (विद्यार्थ्यांच्या नोंदवहीचा) उतारा जोडून, सही-शिक्क्यानिशी प्रस्ताव विभागीय मंडळाकडे पाठवला. दुरुस्ती तिथेच झाली, पुण्याला जावं लागलं नाही. आणि हो, पाठ्यपुस्तकांचा राग मंडळावर काढू नका. ती बालभारतीची, वेगळी संस्था आहे.