हातातल्या एक्सआरएफवर किती भिस्त ठेवायची
वर दोघांनी म्हटलंय की हातातल्या एक्सआरएफने (क्ष-किरण टाकून नमुन्यातली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) खंदकातले नमुने तपासले की रेअर अर्थचं (दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांचं) चित्र स्पष्ट होतं. त्यातल्या हलक्या गटापुरतं ठीक. ५० किलोव्होल्टचं यंत्र असेल तर लॅन्थेनम, सिरियम, प्रासिओडायमियम, निओडायमियम बऱ्यापैकी दिसतात. पण जड गटातल्या डिस्प्रोशियमची मुख्य रेषा (त्याच्या क्ष-किरणांची ठरलेली ऊर्जा) ६.५० केईव्हीला (किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट), लोहाची ६.४० ला, लोहयुक्त खडकात ती पार बुडून जाते. म्हणून जड गटासाठी यिट्रियमचा आकडा सूचक म्हणून धरतात. तिथेही अभ्रक किंवा पोटॅश फेल्डस्पार भरपूर असेल तर रुबिडियमची दुय्यम रेषा नेमकी यिट्रियमवर येते, तेव्हा रुबिडियमचा आकडा शेजारी ठेवूनच वाचावं.

खरी गोची प्रयोगशाळेत होते, आणि तिचा उल्लेख इथे अजून कुणी केलेला नाही. चार आम्लांच्या पाचनात (नमुना आम्लांत विरघळवताना) झेनोटाइम, झिरकॉन आणि कधीकधी मोनाझाइटही, म्हणजे रेअर अर्थ असलेली खनिजं, पूर्ण विरघळत नाहीत. जड मूलद्रव्यं कमी दिसतात आणि चांगला पट्टा हातचा जातो. लिथियम बोरेट फ्युजन (नमुना त्या क्षारासोबत वितळवणं) करून आयसीपी-एमएस (प्लाझ्मा वापरून मूलद्रव्यं मोजणारी चाचणी) हेच मागावं. आयनशोषित चिकणमातीत (जिथे रेअर अर्थ मातीच्या कणांना नुसती चिकटलेली असतात) मात्र उलटं: फ्युजनचा आकडा काढता न येणारं द्रव्यही मोजतो, म्हणून pH ४ च्या आसपास अमोनियम सल्फेटची वेगळी निक्षालन चाचणी (द्रावणाने किती द्रव्य धुऊन निघतं ते पाहणं) हवीच. अहवालात पीपीएम (दशलक्षात किती भाग) मूलद्रव्याचे की ऑक्साइडचे, तेही पाहा. मूलद्रव्याचा आकडा ऑक्साइडमध्ये बदलायला सिरियमला १.२२८ ने, यिट्रियमला १.२७० ने गुणावं लागतं.