'बघून घेईन' म्हटल्याची एनसी झाली, धाकट्या भावासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, कोर्टकचेरीतलं आमच्या घरात कोणाला ओ की ठो कळत नाही म्हणून इथे विचारते. धाकटा भाऊ, वय २६, तोंडाचा फटकळ पण आजवर कोणावर हात उचललेला नाही (बहीण आहे म्हणून बोलत नाहीये, खरंच). खालच्या मजल्यावरच्या माणसाशी बाथरूमच्या गळतीवरून गेले तीन महिने आमची धुसफूस चालू आहे, त्यांनी सोसायटीकडे लेखी तक्रार पण दिलीये. शनिवारी त्यांनी बिल्डिंगच्या ग्रुपवर आमच्या बाबांबद्दल नको ते लिहिलं आणि ह्याचं डोकं सटकलं. रात्री पावणेबाराला ह्याने त्यांना पर्सनलवर व्हॉइस नोट टाकली, फक्त ११ सेकंदांची, "उद्याच्या उद्या तक्रार मागे घे, नाहीतर हातपाय तोडून ठेवीन, बघून घेईन तुला". सकाळी उठल्यावर भानावर आला आणि डिलीट केली पण तोपर्यंत माईकची खूण निळी झाली होती, म्हणजे त्यांनी ऐकली होतीच.

सोमवारी पोलीस स्टेशनमधून फोन, येऊन जा म्हणून. गेला तर कळलं एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) झालीये, कागदावर भा.न्या.सं. (भारतीय न्याय संहिता) ३५२, ३५१(२) असं आहे. हवालदारांनी समज दिली आणि सोडलं. आता हा दोन दिवस जेवत नाहीये. अटक होईल का, नोकरीच्या व्हेरिफिकेशनला हे निघेल का, आणि नुसतं रागात बोलला, केलं तर काहीच नाही, मग गुन्हा कसा झाला? आई म्हणते आज संध्याकाळी सगळ्यांनी खाली जाऊन माफी मागून येऊ. जावं का?

जुनाजाणता: ताई टेन्शन घेऊ नका. एनसी म्हणजे काय, वहीत एक ओळ. माझ्या नावावर दोन आहेत, अजून कुत्रं विचारत नाही. जेवायला सांगा त्याला.

काळाकोट: जुनाजाणतांचं अर्धं बरोबर आहे पण उरलेलं अर्धं महागात पडू शकतं. फौजदारी वकिलीच करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कलमं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्याआधीच्या आयपीसीत (भारतीय दंड संहितेत) धमकीचं जे कलम लोक '५०६' म्हणायचे तेच आता ३५१. पोटकलम (२) म्हणजे साधी धमकी, २ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. ३५२ म्हणजे जुनं ५०४, समोरच्यानं भडकून शांतता मोडावी अशा हेतूनं केलेला अपमान, त्यालाही वरची मर्यादा २ वर्षंच. दोन्ही अदखलपात्र आणि जामीनपात्र, म्हणून एफआयआर न होता एनसी झाली. एनसीत मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत आणि वॉरंटशिवाय अटकही नाही. पण तो माणूस कोर्टात जाऊन तपासाचा आदेश मागू शकतो, ती वाट बंद झालेली नाही.

आता 'नुसतं बोलला' बद्दल. ह्या कलमात बोलणं हाच गुन्हा असतो, हातपाय खरंच तोडले तर कलमंच वेगळी लागतात. बघायचं असतं ते हे की समोरच्याला भीती घालण्याचा, किंवा त्याच्यावर बंधन नसलेली गोष्ट त्याच्याकडून करून घेण्याचा, किंवा त्याला हक्काची गोष्ट करू न देण्याचा हेतू होता का. नुसतं 'बघून घेईन' असतं तर मी निवांत असतो. २०१५ साली माणिक तनेजा प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की घाबरवण्याचा हेतू नसेल तर नुसत्या शब्दांवर हा गुन्हा होत नाही, तिथे बेंगळुरूच्या ट्रॅफिक पोलिसांच्या फेसबुक पेजवर लिहिलेल्या कमेंटचा विषय होता आणि ती केस रद्द झाली. पण तुमच्या भावाच्या ११ सेकंदांत 'तक्रार मागे घे, नाहीतर' आहे. तो 'नाहीतर' वाईट आहे. कायद्यात दिलेलं उदाहरणसुद्धा असंच आहे, दिवाणी दावा चालवू नये म्हणून घर जाळण्याची धमकी. आणि हाड मोडणं ही गंभीर दुखापत, त्यामुळे उद्या कोणी ३५१(३), म्हणजे गंभीर दुखापतीची धमकी, लावा म्हणालं तर शिक्षा ७ वर्षांपर्यंत जाते. घाबरवत नाहीये, पण वहीतली ओळ म्हणून सोडून देऊ नका.

उंबरठा: मी दुसऱ्या बाजूला होते, म्हणून लिहिते. मलाही असाच एक मेसेज आला होता, पाठवणारा नंतर म्हणाला रागात बोललो. मी तीन आठवडे लिफ्ट घेतली नाही, जिन्यानंच जायचे, कारण लिफ्टमध्ये तो एकटा भेटला तर काय करू. आणि अशात त्याचं अख्खं कुटुंब दारात येऊन उभं राहिलं असतं ना तर मी दार न उघडता १०० लावला असता.

धागाकर्ती: @उंबरठा, हे डोक्यातच आलं नव्हतं हो. त्यांच्या घरी म्हातारी आई असते दिवसभर. @काळाकोट, खूप आभार, मग माफीचं काय करायचं? आणि डिलीट केलं ते बरं केलं की वाईट?

काळाकोट: माफी मागायला हरकत नाही, पण दारात जमाव नेऊन नाही. दोघांनाही मान्य असा कोणीतरी मध्ये घाला, नाहीतर वकिलामार्फत. उद्या खटला उभा राहिलाच तरी ह्या कलमात तडजोड चालते, ज्याला धमकी दिली त्यानं मान्य केलं तर मिटतं. म्हणजे किल्ली त्यांच्या हातात आहे, उगाच चिडवू नका.

डिलीट झालं ते झालं, त्यांनी आधीच सेव्ह केली असेल. आता मात्र त्या फोनमधलं काहीही काढू नका. ग्रुपवर बाबांबद्दल लिहिलेलं पण त्यातच आहे आणि ते तुमच्या उपयोगाचं आहे. एनसीची प्रत मिळवा. नोकरीचं म्हणाल तर एनसी म्हणजे शिक्षाही नाही आणि खटलाही नाही, फॉर्ममध्ये नेमका जो प्रश्न असेल त्याचं खरं उत्तर द्यायचं, पुढचं मागचं काही लिहायचं नाही.

अजून एक, शांतता राखण्याच्या बॉन्डची नोटीस येऊ शकते, बोलीभाषेत चॅप्टर. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १२६, बॉन्ड जास्तीत जास्त एक वर्षाचा. ती आली तर तारखेला हजर राहायचं, टाळायचं नाही. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० वर फोन करून बघा, अटीत बसलात तर फुकट मिळतो.

जुनाजाणता: माझ्या दोन्हीत 'नाहीतर' नव्हतं बहुतेक 😅 कोटसाहेब म्हणतात ते ऐका ताई.

धागाकर्ती: अपडेट देते. खाली कोणी गेलो नाही. सोसायटीचे सेक्रेटरी दोघांशी बोलले, खालचे म्हणाले आधी गळती काढा मग बोलू, त्यामुळे उद्या प्लंबर येतोय. आई अजून रुसलीये. भाऊ काल रात्री जेवला, आणि त्याचा फोन सध्या रात्री दहानंतर माझ्या उशाशी असतो.