कूलरपुढची गिटार

मी: संत्र्याचे पैसे आले. बाबानं कबूल केल्यापरमानं १२ हजार माह्या हातात ठेवले. आता गिटार घ्यायची हाय, पिनवाली. म्हणजे वायर लावून अ‍ॅम्प्लिफायरले जोडता येते ते, इलेक्ट्रो-अकूस्टिक. पुण्याच्या दादा, काय पाहू?

मोठे बाबा: घरात पेटी हाय, तबला हाय, खंजिऱ्या तं तीन हायत. तुकडोजी महाराजांनी एका खंजिरीवर मुलूख जागवला. तुले हे धूड कायले पाह्यजे?

मी: खंजिरी राहूच द्या ना मोठे बाबा. गुरुवारी भजन मंडळात वाजवली, तं पेटी अन् खंजिऱ्यायपुढं माही गिटार मलेच ऐकू नाही आली. माइक जवळ नेला तं भोंगा कुईं करते.

आत्या: मले वाटलं पोट्टी नुसती हात हालवून राह्यली 😄

पुण्याचा दादा: गुड्डे, दुकानात गेलीस की पहिले वायर जोडू देऊ नको. कोरडीच वाजव, दहा-पंधरा मिनिटं. प्रत्येक तार, प्रत्येक पट्टीवर, म्हणजे फ्रेटवर. कुठं घरघरते का पाहा. बाराव्या फ्रेटवर जाडी तार पट्टीपासून अडीच मिलिमीटरच्या आसपास असली तर ठीक, चार असली तर बोटं सोलून निघतील. पिकअप मागूनही बसवता येतो. पिळलेला नेक, म्हणजे गिटारची मान, कोणी सरळ करून देत नाही.

वरुडचा मामा: अन् थो पिकअप म्हणजे आत माइकच असते ना?

पुण्याचा दादा: नाही मामा. गॅसचा लायटर असतो ना, खटका दाबला की ठिणगी पडते? तोच गुण. एक स्फटिक दाबला की वीज तयार होते. ब्रिजवर, म्हणजे खोक्यावर तारा अडकवतात त्या लाकडावर, तारांखाली पांढरी पट्टी असते, तिच्याखाली तो पिझो बसवतात. तारेचा दाब बदलला की तेवढीच इवलीशी वीज. बाजूला ती वाढवणारा प्रीअ‍ॅम्प असतो, त्यात ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी.

वरुडचा मामा: हे मले पटलं. माइक हवेतला आवाज धरते, हे लाकडातला. म्हणून भोंगा कमी बोंबलते.

पुण्याचा दादा: कमी, पण बंद नाही. खोका स्पीकरकडं तोंड करून बसला की हाही घुमतो. मामा, ही पद्धत स्टेजवर रुळवली ती ओव्हेशन कंपनीनं. १९६० च्या दशकातली. काढणारा चार्ल्स कामन, मूळचा हेलिकॉप्टर बनवणारा माणूस!

मोठे बाबा: हेलिकॉप्टर सोडून गिटार? थ्याच्या बापानं काय म्हटलं असन.

मी: दादा, सॉलिड टॉप घेऊ का, वरची फळी अखंड लाकडाची? सगळे व्हिडिओवाले थेच म्हणतात.

पुण्याचा दादा: आवाज छान असतो, खरंय. पण ते व्हिडिओवाले आपल्याकडं मे काढत नाहीत. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडं मे महिन्याच्या दुपारी ती २० च्याही खाली जाते, अन् जुलैत ८० च्या वर. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला लागतात, वरची फळी तडकते. पावसाळ्यात तीच फुगते अन् तारा वर उचलल्या जातात. टिनाच्या घरात राहून लॅमिनेटच घे, थर चिकटवलेल्या फळीची. लाज नाही त्यात. शिवाय ती कमी घुमते.

चंद्रपूरचे जिजाजी: मी सांगतो माझा अनुभव. मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत दुपारभर राहिली. संध्याकाळी पाहतो तर ब्रिज मागून उचलला, कागद आत जात होता. उष्णतेनं गोंद सुटला. दुकानदार म्हणे, तुमचीच चूक. होतीच.

आई: मग कूलरपुढं ठेवू का तिले? गार राहीन.

पुण्याचा दादा: नाही काकू!! सहा तास ओली हवा, लाइन गेली की सहा तास भट्टी. तेच जास्त वाईट. गिटारच्या खोळीत, म्हणजे केसमध्ये, बंद करून भिंतीपासून दूर ठेवा. उन्हाळ्यात आत ओला स्पंज ठेवायचा, साबणाच्या डबीला भोकं पाडून. पाणी टपकायला नको.

आत्या: बाई, माह्या आचाराच्या बरणीले एवढी सोय नाही.

मी: दुसरं, मंडळ काळी एकमध्ये गाते. मले त्या सुरात बोटं बसत नाहीत.

पुण्याचा दादा: कॅपो घे, सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. पहिल्या फ्रेटवर लाव अन् सी चे कॉर्ड वाजव, आपोआप काळी एक. पण गिटारमधला ट्यूनर ४४० हर्ट्झला लावतो, अन् आपली पेटी आजोबांच्या काळची. ट्यूनर हिरवा झाला तरी पेटीशी कानानं जुळवून घे, नाहीतर सगळे तुलाच बेसूर म्हणतील. अन् वाजवून झालं की पिन काढ. पिन आत राहिली की बॅटरी चालूच राहते.

वरुडचा मामा: गुड्डे, माह्या डब्यात जाड पिनवालं तोंड हाय. आवाज शून्यावर ठेवून जोडजो, मंग हळूहळू वाढवजो. पण भोंग्यावर कर्कश येईन, खोक्यातला स्पीकर मी आणतो.

मी: शनिवारी नागपूरले जाऊन राह्यली. तारेची उंची मोजाले मोजपट्टी घेतली, ९ व्होल्टची बॅटरी तिथंच घेईन.

आई: एसटीत मांडीवर घेऊन बसजो. वर फळीवर टाकू नोको.

मोठे बाबा: नागपूरले जातेच हायस तं मोटरपंपाचं स्टार्टर घेऊन येजो. मॉडेलचा फोटो टाकतो. अन् काळी एक नाही, आपण काळी दोनमध्ये गातो. थ्या पुण्याच्या पोराले विचार.