जुन्या लेथच्या पडद्यावरील 6845 चिपबाबत मदत हवी आहे

सर्व जाणकारांना नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेतील आमच्या कारखान्यात बिडाच्या कास्टिंगवर काम करणारा एक जुना सीएनसी (संगणक-नियंत्रित) लेथ आहे. त्याचा पडदा काळा पडला म्हणून कार्डावरील 40 पायांची 6845 ही पडदा-नियंत्रक चिप बदलली, परंतु मिळाली ती दुसऱ्या बनावटीची. आता हिरवी अक्षरे स्पष्ट उमटतात, मात्र सगळे चित्र सावकाश वर सरकत राहते.

ही चिप स्वतः चित्र काढत नाही. ती मेमरीचे पत्ते आणि सिंकचे (चित्राची ओळ व पूर्ण चित्र कधी सुरू करायचे हे पडद्याला सांगणारे) संकेत पुरवते, आणि 1981 च्या बीबीसी मायक्रो या संगणकात व आयबीएमच्या सीजीए या चित्र-कार्डातही तिच्याकडे हेच काम होते. मोटोरोलाच्या 6845 मध्ये उभ्या सिंकची (पूर्ण चित्र पुन्हा वरून सुरू करणाऱ्या संकेताची) रुंदी 16 ओळींवर पक्की असते, तर हिताचीच्या एचडी 6845 एस मध्ये ती आर 3 या रजिस्टरच्या (चिपमधील आकडा ठेवण्याच्या जागेच्या) वरच्या चार बिटांनी ठरवता येते. आमचा दोष या फरकातूनच आला असेल काय? ईप्रॉममधील (यंत्राचा प्रोग्रॅम साठवणाऱ्या चिपमधील) रजिस्टरांचे आकडे बदलावेत, की मूळ बनावटीचीच चिप शोधावी? यंत्र अजून उत्तम माप देते, त्यामुळे ते भंगारात घालण्यास मन धजत नाही. कोल्हापूर किंवा हुबळीकडे अशी दुरुस्ती कोणी केली असल्यास कृपया अनुभव सविस्तर लिहावा.