इंजिन बदलल्यानंतर स्विफ्ट डिझेल चोर्ला घाटात ओढत नाही

डिचोलीकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे २०१३ सालची स्विफ्ट डिझेल आहे, इंजिन १.३ डीडीआयएस, ७५ पीएसचे. रेडिएटरचा नळ फुटून पाणी गेल्यामुळे इंजिन अतिशय तापले आणि हेडला तडा गेला. दुरुस्तीपेक्षा वापरलेले इंजिन स्वस्त पडेल, असा सल्ला मिळाल्याने बेळगावहून टर्बोसकट (टर्बो म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) इंजिन आणून इथल्या एका गॅरेजमध्ये बसवून घेतले. ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) आणि वायरिंग मात्र गाडीचे मूळचेच आहे.

इंजिन लगेच सुरू होते, आयडलिंग स्थिर आहे, काळा धूर नाही. परंतु २५०० आरपीएमच्या खाली गाडीत जीवच नसतो. साखळीपर्यंतच्या सपाट रस्त्यावर हे फारसे जाणवत नाही. केरी सोडून गोवा-बेळगाव रस्त्यावरच्या चोर्ला घाटाचा चढ लागला की दुसऱ्या गिअरमध्येच राहावे लागते. काही वेळ असे ओढत गेल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो आणि मग आरपीएम ३००० च्या वर जातच नाही. गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यास ही मर्यादा सुटते, पण खालचा अशक्तपणा तसाच राहतो. मेकॅनिकने डिझेल फिल्टर बदलला आणि ईजीआर (जळालेला वायू पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) साफ केला. फरक पडला नाही. आता तो इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) बदलण्याचा सल्ला देत आहे. तो खर्च करण्यापूर्वी काय तपासावे?

फोंडेकर

बंद करून पुन्हा सुरू केल्यावर आरपीएमची मर्यादा सुटते, याचा अर्थ ईसीयू गाडीला लिंप मोडमध्ये टाकत आहे. एखादे मोजमाप अपेक्षेबाहेर गेले की इंजिनाला इजा होऊ नये म्हणून तो डिझेल कमी करतो. त्यामुळे सर्वप्रथम स्कॅनर लावून कोड वाचा आणि पुसण्यापूर्वी लिहून ठेवा. पी ०२९९ असल्यास टर्बोचा दाब कमी पडतो आहे, पी ००८७ असल्यास रेलमधील, म्हणजे सर्व इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीतील, डिझेलचा दाब कमी आहे. हे दोन अगदी वेगळे रस्ते आहेत आणि कोड न वाचता इंजेक्टर बदलणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय.

पेडणेकर

इतका खर्च झालाच आहे, तर रिमॅप करून (ईसीयूतील प्रोग्राम बदलून) ९० पीएस करून घ्या. खालची ओढही सुधारेल.

सत्तरीकर

रिमॅपचा विचार तूर्त कृपया करू नये. जी हवा इंजिनात पोहोचतच नाही, तिच्यासाठी जास्त डिझेल सोडले तर फक्त धूर वाढेल.

डिचोलीकर, आपल्या वर्णनात दोन तक्रारी एकत्र आल्या आहेत आणि त्या सुट्या करून पाहिल्या पाहिजेत. लिंप मोड अधूनमधून येतो. खालच्या आरपीएमचा अशक्तपणा मात्र कायमचा आहे, तोही चेक इंजिनचा दिवा लागलेला नसताना. माझ्या मते दुसरी तक्रार हे कारण आहे आणि पहिली तिचा परिणाम. फिल्टर चोंदला असेल, एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) तुंबला असेल किंवा डिझेलचा पुरवठा अपुरा असेल, तर गाडी सहसा वरच्या आरपीएमला दम टाकते, कारण तिथे मागणी जास्त असते. खाली मेलेली आणि वर काहीशी जिवंत होणारी गाडी टर्बोकडे बोट दाखवते.

हेच १.३ लिटरचे इंजिन मारुतीने दोन रूपांत वापरले आहे. स्विफ्ट आणि डिझायरमध्ये ७५ पीएस आणि १९० न्यूटन मीटरचे, तर अर्टिगा, एसएक्स४ आणि सियाझमध्ये ९० पीएस आणि २०० न्यूटन मीटरचे. ब्लॉक पाहून फरक चटकन कळत नाही. खरा फरक टर्बोत आहे. ७५ पीएसचा टर्बो साधा असतो आणि त्याचा वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट बाजूने सोडून देणारी झडप) टर्बोच्याच हवेच्या दाबाने उघडतो. ९० पीएसच्या टर्बोत हलणारी पाती असतात. ती व्हॅक्यूमने बंद होतात आणि त्या व्हॅक्यूमचे प्रमाण ईसीयू एका सोलेनॉइड (विजेने उघडझाप होणाऱ्या) व्हॉल्व्हमधून ठरवतो. व्हॅक्यूम मिळाला नाही तर पाती पूर्ण उघडी राहतात, एक्झॉस्टचा जोर टर्बाइनवर एकवटत नाही आणि कमी आरपीएमला दाब तयारच होत नाही. आपले इंजिन टर्बोसकट आले आणि ईसीयू जुना राहिला, म्हणून ही शंका सर्वांत आधी फेडून घ्यावी.

तपासणी सोपी आहे. बॉनेट उघडे ठेवून दुसऱ्या कोणाला तरी इंजिन सुरू करायला सांगा आणि टर्बोवरील ॲक्च्युएटरच्या (पाती किंवा वेस्टगेट हलवणाऱ्या डबीच्या) दांडीकडे पाहत राहा. हलत्या पात्यांचा टर्बो नीट जोडलेला असेल, तर इंजिन सुरू होताच दांडी खेचली जाते आणि बंद करताच परत येते. साध्या टर्बोची दांडी आयडलिंगला हलत नाही. म्हणजे नुसती दांडी न हलणे हा पुरावा नव्हे. टर्बोवरील क्रमांकही ताडून पाहावा लागेल.

त्याच वेळी टर्बोपासून इनटेक मॅनिफोल्डपर्यंतचे (सिलिंडरना हवा वाटून देणाऱ्या भागापर्यंतचे) रबरी नळे हाताने चाचपून पाहा. इंजिन उतरवताना क्लॅम्प सैल राहणे ही नेहमीची गोष्ट आहे. गळती असेल तर तिथे तेलाचा ओलावा दिसतो. इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टीही पाहा, कारण आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात तिच्या टोकांवर गंज चढलेला असतो आणि मग सेन्सर भलतेच आकडे दाखवतात. स्कॅनरवर, इंजिन बंद आणि चावी ऑन असताना, मॅनिफोल्डचा दाब डिचोलीत १००० मिलिबारच्या आसपास दिसला पाहिजे. तसा दिसला तर तो सेन्सर बहुधा ठीक आहे.

डिचोलीकर

आपल्या सविस्तर उत्तराबद्दल आभार. कोड पी ०२९९ हाच निघाला. रेलचा दाब मागणीप्रमाणे मिळत आहे. चावी ऑन असताना मॅनिफोल्डचा दाब १००८ दाखवतो, पण चढावर तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमला पूर्ण ॲक्सिलरेटर दाबूनही तो १२०० च्या पुढे गेला नाही. नळे घट्ट आहेत. दांडी हलत नाही आणि टर्बोवरील क्रमांक ९० पीएसच्या इंजिनाचा आहे. त्याच्या ॲक्च्युएटरला मेकॅनिकने जुन्या टर्बोची दाबाची नळी जोडली आहे.

सत्तरीकर

मग निदान झालेच. व्हॅक्यूमने चालणाऱ्या ॲक्च्युएटरला दाब दिल्याने दांडी आहे तिथेच राहते आणि पाती उघडीच राहतात. इंजेक्टरवर पैसे खर्च करू नका.

दोन मार्ग आहेत. ९० पीएसचा ईसीयू, सोलेनॉइड आणि वायरिंग मिळवणे हा पहिला. पण त्यात इमोबिलायझर (चावी ओळखणारी चोरीविरोधी यंत्रणा) जुळवणे आणि इंजेक्टरचे कोड (प्रत्येक इंजेक्टरवर छापलेले, त्याच्या फवाऱ्याचे मोजमाप सांगणारे) ईसीयूत भरणे आले, शिवाय नोंदणीतील वर्णनाचा प्रश्न उभा राहतो. दुसरा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो: जुन्या इंजिनाचा ७५ पीएसचा टर्बो आणि जुनेच इंजेक्टर या इंजिनावर बसवणे. ज्या सिलिंडरवर जो इंजेक्टर होता तो तिथेच ठेवल्यास ईसीयूतील कोड बदलावे लागत नाहीत. टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून पाहा. किंचित आडवी हालचाल चालते, पण पाते घराला घासत असेल किंवा शाफ्ट पुढेमागे हलत असेल तर तो वापरू नये.

फोंडेकर

सत्तरीकरांशी सहमत आहे. एक गोष्ट राहून जायला नको: इंजिन क्रमांक बदलला आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आधी मंजुरी घेतली नसेल तर इंजिन बदलल्याची माहिती १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला द्यावी लागते. इंजिन खरेदीची पावती जपून ठेवा. आरसीवर जुना क्रमांक राहिला तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी त्यावरच बोट ठेवेल.

डिचोलीकर

जुना टर्बो गॅरेजमध्येच आहे आणि शाफ्ट ठीक वाटतो. तो बसवताना काही विशेष काळजी घ्यावी का?

सत्तरीकर

तेलाच्या नळीचे तांब्याचे वॉशर आणि सर्व गॅस्केट नवे घ्या, तेल परत नेणारी नळी आतून साफ करा. जुने इंजिन तापले होते, त्यामुळे तिच्यात जळलेल्या तेलाची काजळी असणारच. टर्बोच्या तोंडात थोडे स्वच्छ तेल सोडून शाफ्ट हाताने फिरवा आणि सुरू केल्यावर एखादे मिनिट ॲक्सिलरेटरला हात लावू देऊ नका. त्यानंतर त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये मॅनिफोल्डचा दाब पुन्हा मोजा आणि आकडा इथे कळवा.